कुंपणावरून पलीकडे

(दृश्य: सातारा शहर, उतारावरचा एक बंगला. कुंपणाच्या भिंतीवरून खाली लोंबणारी हिरवीगार पानं, मधे मधे पिवळी फुलं.)

नर्सरीत हे झाड मागितलं की तीन गोष्टी ऐकायला मिळतात. पाणी कमी लागतं, कीड पडत नाही, एका पावसाळ्यात अख्खा वाफा भरतो. तिन्ही खऱ्या आहेत. पण वाफा भरल्यावर हे झाड थांबत नाही, हे विकताना कोणी सांगत नाही.

याचं नाव वेडेलिया. याला सिंगापूर डेझीही म्हणतात, पण मूळ गाव सिंगापूर नव्हे. हे उष्ण अमेरिकेतलं झाड. जगातल्या १०० अत्यंत उपद्रवी परक्या जीवांची एक यादी आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघानं केली आहे. त्यात वेडेलिया आहे, आपली घाणेरी आहे आणि जलपर्णीही. तिन्ही कधी ना कधी शोभेसाठी लावलेली.

(दृश्य: हातात वीतभर फांदी. कॅमेरा पेराच्या अगदी जवळ.)

हे पेर नीट बघा. दोन बाजूंना समोरासमोर पानं आणि खालच्या अंगाला टाचणीच्या डोक्याएवढे पांढुरके उंचवटे. ही तयार मुळं आहेत, फक्त ओल्या मातीची वाट बघतायत. वेडेलिया बियांवर फारशी अवलंबून नाही. जमिनीला टेकलेलं जवळजवळ प्रत्येक पेर मूळ धरतं आणि पुढे स्वतंत्र झाड म्हणून वाढतं. म्हणजे कोयत्यानं सपासप छाटणं हा उपाय नव्हे, ती कलमं करणं झालं. आणि छाटलेला भारा आपण टाकतो कुठे? भिंतीपलीकडे, ओढ्यात.

साताऱ्याच्या उत्तर अंगाचे ओढे वेण्णेकडे उतरतात. वेण्णा संगम माहुलीला कृष्णेत मिळते. कराडला कोयना येते, आणि मग पाणी सांगलीकडे जातं. पावसाळ्यात ओढ्यात टाकलेली फांदी काठाच्या गाळात कुठेही अडकली की तिचं काम सुरू. सावली असो, ऊन असो, पाय पाण्यात बुडालेले असोत, तिला चालतं. दाट गालिचा झाला की खालच्या लहान रोपांना उजेड मिळत नाही. मग तिथला केना, तेरडा, काठावरचं गवत हळूहळू दिसेनासं होतं.

(दृश्य: पावसाच्या उघडिपीत काम चालू. खोरं, खुरपं, प्लॅस्टिकचा जुना कागद.)

काढायची तर जमीन ओली असताना. आधी कडेनं खोऱ्यानं रेघ मारून हातभर रुंदीच्या पट्ट्या पाडा. मग एका टोकाकडून खुरप्यानं मुळं सोडवत पट्टी चटईसारखी गुंडाळत न्या. ओढून उपटलं की फांदी पेराशी तुटते आणि मुळाचा तुकडा आत राहतो. पट्टी उचलल्यावर तीच जागा पुन्हा हातानं चाचपा. सुटलेले तुकडे तेव्हाच सापडतात. त्यानंतर दर तीन-चार आठवड्यांनी फेरी, निदान वर्षभर. बहुतेकांची हार इथंच होते. पहिल्या दिवशी चार माणसं असतात आणि दुसऱ्या फेरीला कोणीच नसतं.

ओढ्याच्या काठावर तणनाशक मारू नका. ते पाण्यात उतरतं.

(दृश्य: डोंगरउतारावर घाणेरीचं रान.)

घाणेरी, कुठे टणटणी. १९व्या शतकाच्या सुरुवातीला शोभेसाठी भारतात आणलेलं झुडूप. तिचा एक गुच्छ जवळून पाहिला तर मधली ताजी फुलं पिवळी आणि कडेची जुनी गुलाबी-लाल दिसतात. परागण झालं की फूल रंग बदलतं, त्यामुळे फुलपाखरांना मध कुठे उरलाय ते कळतं. देखणं आहे यात वाद नाही. पुढे काळी-जांभळी फळं बुलबुल खातात आणि बी लांब नेऊन टाकतात. गुरांनी मात्र पाला खाल्ला तर यकृत बिघडतं आणि उन्हात कातडी सोलवटते.

बुंध्यावर कुऱ्हाड घातली की एका खोडाच्या जागी सात-आठ फुटवे येतात. जाळलं तरी तेच. फुटव्यांचे डोळे असतात खोड आणि मुळाच्या सांध्यावर, म्हणून घाव त्याच्या खाली पडायला हवा. कुदळीनं बुंध्याभोवतीची माती सारा, जमिनीखाली तीन ते पाच सेंटिमीटरवर मुख्य मूळ तोडा आणि झुडूप उलटं करून ठेवा, मुळं वर, फांद्या खाली. मुळं सुकली की पुन्हा मातीत रुजत नाहीत. हे फळं धरायच्या आधी करा. फळं आली असतील तर ती पोत्यात गोळा करून मगच हलवा. मोकळी जागा तशीच ठेवली तर जुन्या बियांतून पुन्हा घाणेरीच येणार. लगेच गवत पेरा, करवंद किंवा अडुळसा लावा.

(दृश्य: सांगलीजवळ कृष्णेचा बंधारा. मागच्या संथ पाण्यावर हिरवा थर.)

उन्हाळ्यात बंधाऱ्यामागं पाणी थबकतं, त्यात सांडपाण्याचं खत मिळतं, आणि जलपर्णी पंधरवड्यात दुप्पट होऊ शकते. बी तळाच्या गाळात वर्षानुवर्षं जिवंत राहतं. त्यामुळे वरचा थर काढून काठावर ठेवणं अर्धंच काम. पहिल्या पुरात तो ढीग परत नदीत. घरच्या टाकीतली जलपर्णी तर गटारात कधीच ओतायची नाही.

आइसक्रीम वेल मात्र वेगळीच डोकेदुखी. गुलाबी तुरे काढून टाकले तरी जमिनीत खोल गाठी असतात, त्या पहारीनं खणूनच निघतात.

(दृश्य: कासकडे जाणारा रस्ता.)

या रस्त्याला हॉटेलं, बंगले झालेत. दारात केशरी कॉसमॉस लावला असेल तर एवढं करा: पाकळ्या गळायच्या आत रोप उपटा. बी काळं, काटकुळं, टोकाला दोन शिंगं. कपड्याला चिकटून ते सहज प्रवास करतं. कास पठारावर जांभ्या खडकावर मातीचा थर पातळ आहे. तिथली गेंद, सीतेची आसवं ही फुलं बोटभर उंचीची. कमरेएवढं झाड शेजारी उभं राहिलं तर त्यांच्या वाट्याला ऊन उरणार नाही. २०१२ साली जागतिक वारशात गेलेल्या पश्चिम घाटात कास येतं.

(दृश्य: गच्चीवर पसरलेली वेडेलिया.)

काढलेला माल घरच्या खताच्या खड्ड्यात घालू नका. एवढ्याशा खड्ड्यात पुरेशी उष्णता होत नाही, फांद्या तिथेच फुटतात. मातीला न टेकता, प्लॅस्टिकच्या कागदावर किंवा गच्चीवर पातळ पसरा. पाऊस असेल तर छपराखाली. ऊन चांगलं असेल तर दोन-तीन आठवडे. मग एक फांदी उचलून पेराशी मोडा. कट्‌कन तुटली तर घंटागाडीत द्या. वाकली आणि आत हिरवी दिसली, तर पुन्हा पसरा.