रेमागेनचा पूल आणि हाफ-ट्रॅकवरच्या तोफा

नाशिककरांना तोफेचा आवाज नवा नाही. देवळालीला सराव सुरू झाला की इथल्या खिडक्यांची तावदानं थरथरतात. पण आज जी तुकडी घेऊन आलो आहे तिच्या तोफा आभाळाकडे रोखलेल्या होत्या, आणि त्या चाकांवर फिरत होत्या.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या ९व्या चिलखती डिव्हिजनबरोबर ४८२ क्रमांकाची विमानविरोधी बटालियन होती. तिची गाडी म्हणजे हाफ-ट्रॅक. पुढे ट्रकसारखी चाकं, मागे रणगाड्यासारखा पट्टा. रणगाडे जातील तिथे मागोमाग जायचं आणि त्यांच्या डोक्यावरचं आभाळ सांभाळायचं, एवढंच तिचं काम.

त्यातली एम-१६ नावाची गाडी जरा जवळून बघू. मागच्या हौद्यात एक फिरता बुरूज, त्यावर पॉइंट फाइव्ह-झिरोच्या, म्हणजे अर्ध्या इंची नळीच्या, चार मशीनगन, डावीकडे दोन, उजवीकडे दोन. मधल्या खुर्चीत तोफची. बुरूज विजेच्या मोटरवर गर्रकन फिरायचा. प्रत्येक मशीनगनला २०० गोळ्यांची पेटी. तिचा आकार थडग्यावरच्या दगडासारखा, म्हणून सैनिक तिला टूम्बस्टोन म्हणत. चारही सलग झाडल्या तर अर्ध्या मिनिटात पेट्या रिकाम्या! दोन्ही बाजूंना उभे असलेले दोन भरणारे गडी त्या जड पेट्या उचलून बदलायचे. आभाळातून कोण येतंय हे बघायलाही त्यांना सवड नसायची. मला सगळ्यात जास्त कौतुक वाटतं ते या दोघांचं.

१९४४ संपता संपता जर्मन विमानं फारशी दिसेनाशी झाली होती. कितीतरी विमानविरोधी तुकड्या मोडून त्यांतली माणसं पायदळात धाडली जात होती. या तोफांची आता गरज काय, असा सूर होता.

मग ७ मार्च १९४५ उजाडला. ऱ्हाईन नदीवरचा रेमागेनचा लुडेनडॉर्फ रेल्वे पूल जर्मनांना उडवता आला नाही. सुरुंग पेटले, पूल हलला, पण उभा राहिला. लेफ्टनंट कार्ल टिमरमन यांची कंपनी त्यावरून धावत पलीकडे गेली. आता हिटलरला तो पूल कोणत्याही किमतीत पाडायचा होता.

दुसऱ्या दिवशी दुपारनंतर स्टुका, म्हणजे सूर मारून बॉम्ब टाकणारी जर्मन विमानं, आली. संथ होती ती. ४८२च्या तोफच्यांनी त्यांतली बरीचशी टिपली. पण पुढे आली जेट विमानं, मेसरश्मिट २६२ आणि आराडो २३४. आराडोचा वेग ताशी ७०० किलोमीटरच्या वर. इथे सगळं गणितच बदललं. उडत्या विमानावर नेम धरून भागत नाही, ते क्षणभरानं जिथे पोचणार आहे तिथे धरावा लागतो. स्टुकापुढे जितकं अंतर सोडायची हाताला सवय, त्याच्या जवळजवळ दुप्पट आता सोडायचं, आणि तेही भर हल्ल्यात शिकायचं.

मागून इतर तुकड्याही येऊन मिळाल्या. दोन्ही काठांवर मिळून सहाशेहून अधिक विमानविरोधी तोफा आणि मशीनगन उभ्या राहिल्या. आकाशात गेलेली गोळी खाली येतेच. त्या पडत्या गोळ्यांनी अमेरिकेचेच सैनिक जखमी झाले. शंभरावर विमानं पाडल्याचा अमेरिकन दावा आहे. असे दावे नेहमीच फुगलेले असतात. एकच विमान चार गाड्या आपापल्या नावावर मांडतात, त्यामुळे मी त्या आकड्याला फार महत्त्व देत नाही. दहा दिवसांत एकाही विमानाला पूल पाडता आला नाही आणि तेवढ्यात हजारो सैनिक पलीकडे पोचले, याला देतो.

१७ मार्चला हॉलंडमधून जर्मनांची ११ व्ही-२ रॉकेटं पुलाच्या रोखानं सुटली. त्यांच्यापुढे कुठलीही तोफ हतबल होती. पण पुलाला एकही लागलं नाही. आणि दुपारी तीनच्या सुमारास, वर एकही विमान नसताना, पूल आपोआप कोसळला. सुरुंगांनी आणि तोफगोळ्यांनी खिळखिळी झालेली हाडं होती ती. दुरुस्ती करत असलेले २८ इंजिनिअर दलाचे जवान त्यात गेले.

तोफा तशाच आभाळाकडे रोखलेल्या राहिल्या. थोड्याच अंतरावर होड्यांवर तरंगणारे नवे पूल बांधून झाले होते, त्यांवरून गाड्यांची रांग चालू होती, आणि आता राखण त्यांची होती.