तीन रेघांची गाडी

(दृश्य : अमळनेरहून चोपड्याकडे जाणारा रस्ता. ऑक्टोबरातली सकाळ. कॅमेरा मागच्या मोटरसायकलवर.)

पुढे स्कूटर दिसतेय ना, ती माझी. मागे दोन्ही बाजूंना साइड व्हील लावलेत. मोजाल तर चाकं चार भरतात, पण गावात सगळे तिला तीनचाकीच म्हणतात. ओल्या मातीवरून गेली की रेघाही तीनच उमटतात. मध्ये एक, आजूबाजूला एकेक. माझा डावा पाय लहानपणी पोलिओने गेला, म्हणून ही गाडी. शूटिंग भाचा करतोय, आणि दर दोन मिनिटांनी मागून ओरडतोय, "मामा, खड्डा शे!"

खड्डा मलाही दिसतो रे बाबा. दिसल्यावर करायचं काय, हा प्रश्न आहे.

मोटरसायकलवाल्याला रस्त्यात वीतभर जागा चांगली मिळाली तरी तो निघून जातो. जीपवाला खड्डा दोन चाकांच्या मध्ये घेतो. मी मध्ये घ्यायला गेलो तर तिथे माझं पुढचं चाक. हँडल वळवून ते वाचवलं, तर बाजूचं चाक नेमकं खड्ड्यात. साडेतीन फुटांत तीन रेघा, त्यातली एक तरी सापडतेच. म्हणून खड्डा चुकवायचा नाद मी सोडला. कोणतं चाक आत घालायचं, एवढं ठरवतो.

बहुतेक वेळा डावं. मधलं अजिबात नाही, कारण इंजिनाचा जोर फक्त मागच्या मधल्या चाकाला आहे. खड्डा रुंद असला की साइड व्हील दोन्ही काठांवर टेकतात, मधलं चाक अधांतरी लटकतं आणि जागच्या जागी गरगर फिरत बसतं. खाली उतरून ढकलणं माझ्या हातात नाही, म्हणजे पायात नाही. मग कोणी येईपर्यंत भर रस्त्यात बसून राहायचं. उजवं चाक घातलं तर गाडी उजवीकडे ओढते, आणि समोरून डंपर त्याच बाजूने येत असतो. राहिलं डावं. वेग आधीच पंधरा-वीसवर आणायचा, चाक आत उतरायच्या क्षणी ब्रेक सोडायचा आणि हँडल घट्ट धरायचं.

(दृश्य : रस्त्याची डावी कड, जवळून.)

आता ही कड बघा. आपल्याकडची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, भेगाळते. वरचं डांबर तिच्यासोबत वर-खाली होतं. रस्ता सरळ दिसतो, पण अंगावर लाटा असतात. शिवाय पाणी वाहून जावं म्हणून रस्ता कडेला उतरता केलेला. दोनचाकीला तो उतार कळतही नाही. माझी गाडी मात्र सारखी डावीकडे सरकू पाहते, चोपड्याला पोचेस्तोवर मनगटं भरून येतात. आणि साइडपट्टीची माती वाहून गेली असेल तर डांबराच्या खाली अर्धा फुटाची पायरी. मागून हॉर्न वाजला म्हणून घाईत कडेला घेतलं, की डावं चाक त्या पायरीवरून खाली आणि गाडी तिरपी. हॉर्न वाजू द्यावा. जागा दिसेपर्यंत मी कड सोडून हातभर आतूनच चालवतो. शिव्या बसतात, बसू द्या.

गतिरोधकाचं काय सांगू. रस्त्यांची मापं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या मापाप्रमाणे तो 10 सेंटिमीटर उंच, 3.7 मीटर रुंद आणि गोल पाठीचा हवा. गावोगावी घातलेला असतो तो शेताच्या बांधासारखा. त्यावर तिरकं चढायचं नाही. एक साइड व्हील आधी चढलं की गाडी कलंडायला बघते. सरळ, अगदी हळू, पण थांबायचंही नाही. वर थांबलं की पुन्हा मधलं चाक अधांतरी.

(दृश्य : रस्त्यावर वाळत घातलेला मका, कडेने मांडलेले दगड.)

या दिवसांत अर्धा रस्ता मक्याचा. त्याबद्दल मी कोणाला बोलत नाही, आमच्याही घरचा असतो. त्रास देतात ते राखणीला ठेवलेले दगड. संध्याकाळी मका गोणीत भरून घरी जातो, दगड तिथेच. अंधारात ते दिसतात तेव्हा हातभर अंतर उरलेलं असतं. एक दगड साइड व्हीलच्या अँगलला लागला होता. अँगल वाकला, आठ दिवस गाडी खेकड्यासारखी चालली.

चोपड्याच्या पुढे, यावल-फैजपूरकडे, केळी. ट्रक भरतात तिथे रस्त्यावर ओला पाला, दांडे पडलेले. दोनचाकीवाला घसरून पडतो. मी पडत नाही, पण साइड व्हीलना ब्रेकच नाही. मधलं चाक पाल्यावर असताना ब्रेक दाबला, तर गाडी सरळ पुढे सरकत राहते, हँडल कुठेही वळवा. पाला दिसला की त्याच्या आधीच वेग कमी करायचा.

वळणाचंही तसंच. ही गाडी मोटरसायकलसारखी कलत नाही. वेगात वळवली तर आतलं चाक उचलतं. वेग वळणाआधी कमी करायचा आणि अंग आतल्या बाजूला झोकायचं. पहिल्या महिन्यात हे माहीत नव्हतं, एका शेतकऱ्याच्या बाजरीत जाऊन थांबलो. त्याने आधी मला उचललं, मग बाजरी मोजली.

माझा वैरी मात्र माझा चांगला पाय आहे. गाडी थांबताना उजवा पाय सवयीने खाली टेकायला जातो, आणि उजवं साइड व्हील टाचेवरून. आता पायाला पट्टा बांधतो.

(दृश्य : सातपुड्याच्या पायथ्याचा नाला, त्यावरची फरशी, म्हणजे बुटका पूल.)

पावसाळ्यात सातपुड्यातून पाणी कधी उतरेल नेम नाही. फरशीच्या कडेचे दगड दिसत नसतील तर मी गाडी बंद करतो. ट्रॅक्टरवाले जातात. जाताना एकजण म्हणून गेला होता, "भाऊ, जपीसन जाय." मी गेलोच नाही, तीन तास बसलो.

1988 च्या मोटार वाहन कायद्यात माझ्यासारख्यांच्या गाडीला 'इनव्हॅलिड कॅरेज', म्हणजे अपंगाची गाडी, असं नाव होतं. 2019 च्या दुरुस्तीत 'अडॅप्टेड व्हेइकल', म्हणजे गरजेप्रमाणे बदललेली गाडी, असं आलं. नाव बरं झालं.

(दृश्य : टायर दुकान. मेकॅनिक साइड व्हील खोलतोय.)

पोरगा विचारतोय, डावं टायर एवढं कसं झिजलं? उजवं तर अजून नवं दिसतंय. मी म्हटलं, अदलाबदल करून टाक. दर चार-सहा महिन्यांनी हेच सांगतो.