गावाकडून परत जाणारा सिग्नल

(दृश्य: सोयाबीन काढणीचे दिवस. रस्त्याकडेला वेल्डिंगचं दुकान, मळणीयंत्राची मोडकी जाळी जोडणं चालू. वरून खांबाखांबावर काळी केबल.)

"टीव्ही त बराबर दिसून राह्यला भाऊ, मंग पोरीच्या अर्जाचा फोटो काऊन चढत नाही?"

ज्या खेड्यात टीव्हीच्या केबलवरच इंटरनेट आहे, तिथल्या केबलवाल्याला हा प्रश्न चुकत नाही. आणि प्रश्न रास्त आहे. तार एकच, मग एक काम होतं आणि दुसरं अडतं, असं का?

तालुक्याच्या कंट्रोल रूममधून निघतो तो फायबर. गावाजवळ खांबावर एक बंद पेटी असते, तिला नोड म्हणतात. तिथे प्रकाशाचा पुन्हा विजेचा सिग्नल होतो आणि कोॲक्सियल केबलने, म्हणजे मध्ये तांब्याची तार आणि भोवती धातूची जाळी असलेल्या केबलने, घराघरांत जातो. टीव्हीचं डिजिटल होणं आपण पाहिलंच. ग्रामीण भागासाठीच्या चौथ्या टप्प्याची मुदत होती ३१ मार्च २०१७. केबलच्या ज्या ८ मेगाहर्ट्झमध्ये पूर्वी एक चॅनेल मावायचं, तिथे आता सेकंदाला सुमारे ३८ मेगाबिट बसतात. पण हे सगळं घराकडे येणारं. घराकडून जाणाऱ्या डेटाला मिळते ती तळाची जागा, साधारण ५ ते ६५ मेगाहर्ट्झ. वेल्डिंगची ठिणगी, जुनाट मोटार, शॉर्टवेव्ह रेडिओ, या सगळ्यांचा गोंगाटही, म्हणजे नको असलेला सिग्नल, नेमका याच पट्ट्यात.

(दृश्य: लाईनमन शिडीवर. टॅपवरचा, म्हणजे घरांना जोड देणाऱ्या डबीवरचा, कनेक्टर उघडतो.)

हा कनेक्टर जवळून बघा. मधली तांब्याची तार हिरवी पडली आहे. पावसाळ्यात पाणी शिरलं. भोवतीची जाळी नीट दाबलेली नव्हती, ती मोकळी झाली. जाळी मोकळी झाली की केबलच अँटेना बनते आणि खालच्या दुकानातली प्रत्येक ठिणगी आत घेते. येताना एक सिग्नल शंभर घरांत वाटला जातो. जाताना शंभर घरांचा गोंगाट एकाच पेटीत जमा होतो.

तिथून पुढे फायबरचा पल्ला. शहरात तो चार-पाच किलोमीटरचा असेल, इथे सहज तीस. जुन्या ॲनालॉग पद्धतीत सिग्नल जसा वरखाली होतो, तसा लेझरचा उजेड कमीजास्त होतो. १३१० नॅनोमीटरच्या प्रकाशात दर किलोमीटरला सुमारे ०.३५ डेसिबल (सिग्नलची घट-वाढ मोजायचं माप) उजेड गळतो. तीस किलोमीटरला साडेदहा. उजेड एक डेसिबलने घटला की पलीकडे सिग्नल दोन डेसिबलने घटतो. म्हणजे एकवीस डेसिबल गेले. वर लेझरचा स्वतःचा गोंगाट वेगळाच.

उपाय असा, की सिग्नलचे आकडे नोडमध्येच करायचे. ६५ मेगाहर्ट्झपर्यंतचा सिग्नल नीट पकडायला सेकंदाला किमान १३ कोटी वेळा मोजावा लागतो. प्रत्येक मोजमाप १२ बिटांत लिहिलं, तर सेकंदाला १५६ कोटी बिट. फायबरमधून आता जातात ते फक्त शून्य आणि एक. उजेड मंद झाला तरी शून्याचा एक होत नाही, निदान रिसीव्हरला तो ओळखता येतो तोवर. कंट्रोल रूममध्ये त्याच आकड्यांवरून मूळ सिग्नल पुन्हा उभा करतात. अंतराचा प्रश्न मिटला.

पण गंमत बघा. त्या दीड गिगाबिटात लोकांचा खरा डेटा फार तर शे-दोनशे मेगाबिट. बाकी लहरीचं हुबेहूब वर्णन, आणि त्यात वेल्डिंगचा गोंगाटही आला. म्हणून पुढची पायरी निघाली, रिमोट फाय. अमेरिकेतल्या केबललॅब्स या केबल कंपन्यांच्या संशोधन संस्थेने तिचे निकष २०१५ मध्ये काढले. यात मॉडेमची लहर उलगडण्याचं काम खांबावरच होतं आणि फायबरवरून जातात ती नुसती डेटाची पाकिटं, साध्या इथरनेटसारखी. वाचलेल्या डेसिबलचा उपयोगही होतो. एका लहरीत ८ बिट भरायचे की १०, हे सिग्नल गोंगाटाच्या किती वर आहे यावर ठरतं आणि त्या दोन बिटांसाठी सुमारे ६ डेसिबल जास्त लागतात.

कोॲक्सवर शिरलेला गोंगाट मात्र यातल्या कुठल्याच उपायाने पुसला जात नाही. हिरव्या पडलेल्या कनेक्टरवर महागडा नोड बसवणं म्हणजे पैसे वाया घालवणं, असं आमचं स्पष्ट मत आहे.

(दृश्य: मे महिना. तापलेली पेटी, शेजारी बॅटरीचा डबा.)

दुसरी अडचण विजेची. पेटीत जितकं काम जास्त, तितकी वीज जास्त आणि उष्णताही जास्त. इथे उन्हाळ्यात पारा ४५ च्या पुढे जातो, त्यात लाईट जाते ती वेगळी. नोडला वीज मिळते ती त्याच कोॲक्समधून. मागची बॅटरी मेली असेल तर लाईट जाताच सगळं गाव बंद.

नवी लाईन टाकायचीच असेल, तर आज बरेच केबलवाले सरळ घरापर्यंत फायबर नेतात, आणि ते बरोबरच आहे. पण ज्या गावात खांबांवर चांगली कोॲक्स आधीच ताणलेली आहे, तिथे ती उतरवून फेकण्याआधी एकदा सगळे जोड तपासावेत आणि मग नोडचा हिशेब मांडावा.