खाट रिकामी, पेशंट जमिनीवर

नमस्कार मंडळी. पत्रिकेत विषय छापलाय ‘रुग्णालयातील खाटांचं नियोजन’, त्यामुळे मला वाटलेलं निम्म्या खुर्च्या रिकाम्या असतील, पण बऱ्याच भरल्यायत, बाहेर पाऊस धरलाय म्हणूनही असेल. असो. मी चौतीस वर्षं सरकारी नोकरीत सिस्टर होते, शेवटची बरीचशी इन्चार्ज, आणि आपल्यासारख्या तालुक्याला किती खाटा लागतात त्याचा हिशेब सांगायचं कबूल केलंय. सांगते. पण आधी एका आजोबांची गोष्ट, त्याशिवाय हिशेब डोक्यात शिरणार नाही.

३० खाटांचं ग्रामीण रुग्णालय. कुठलं ते विचारू नका, पेन्शन चालू आहे अजून. जुलै महिना, म्हणजे लावणीचे दिवस, चिखलात उभं राहून लेप्टो (उंदरांच्या लघवीतून पसरणारा ताप), बांधावर साप, आणि घराघरात ताप. आजोबा तापाने आलेले, चार दिवसांत बरे झाले, सकाळी राऊंडला डॉक्टर म्हणाले, आज घरी. आता सरकारी दवाखान्यात ‘आज घरी’ म्हणजे काय ते ऐका. डॉक्टर एकटे, राऊंड अर्धा टाकून ओपीडीत गेले कारण तिथे रांग दारापर्यंत, मध्येच एक मोटारसायकल अपघात, मग एक पोस्टमॉर्टम, मग तीन वाजता दोन घास, मग लॅबचा रिपोर्ट सापडेना, मग गोळ्या द्यायच्या तर फार्मासिस्ट जेवायला, आणि डिस्चार्ज कार्डावर सही पडली सव्वाचारला. आजोबांच्या वाडीची शेवटची एसटी चारची. हे गृहस्थ सकाळी नऊपासून टोपी घालून, पिशवी मांडीवर घेऊन खाटेच्या कडेवर बसलेले. मला म्हणाले, ‘सिस्टर, गाडी गेली, आता मी खंय जातलंय?’

खंय जातले? तिथेच आडवे झाले. शेजारच्या वॉर्डात एक बाई, तिचीही तीच गत.

रात्री बाराला नाइटची सिस्टर सेन्सस घेते, म्हणजे वॉर्डात माणसं किती त्याची मोजणी. पण मोजणी रजिस्टरवरून, आणि रजिस्टरात हे दोघे घरी गेलेले. लिहिलं गेलं २८. खाटांवर माणसं ३०. रात्री दीडला १०८ आली, दोन तापाचे पेशंट, एकाचे डोळे हळदीसारखे पिवळे. खाट नाही, गाद्या जमिनीवर. आणि नशीब बघा, सकाळी तपासणीला एक साहेब आले. रजिस्टर बघितलं, जमिनीकडे बघितलं, मला म्हणाले, ‘दोन खाटा शिल्लक असताना पेशंट खाली का झोपवलेत?’ म्हटलं साहेब, शिल्लक खाटांवर घरी गेलेली माणसं झोपलीयत. त्यांना वाटलं मी चेष्टा करतेय. मला लेखी खुलासा द्यावा लागला! दोन पानी. त्यात मी एसटीचं टाइमटेबल जोडलं, ते साहेबांना अजिबात आवडलं नाही.

आणि एसटीची यात काही चूक नाही हं, ती वेळेवर सुटते, उशिरा आम्ही सोडतो. गंमत अशी की बाळंतिणीला घरी सोडायला गाडी आहे, २०११ पासून जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात ते फुकट आहे, १०२ ची गाडी दारात. १०८ रात्री आणून सोडते, तिचं काम तेवढंच. मधले हे आजोबा, त्यांना आणायला नंबर आहे, न्यायला नाही. (मागून कोणीतरी म्हणतंय बांबुळीला, गोव्याच्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलात, पाठवायचे ना. हो, आपल्याकडे सगळ्या रोगांवर औषध एकच, बांबुळी! पण तिथल्या खाटाही कोणीतरी मोजतच असेल.)

त्यानंतर मी एक केलं. अॅडमिशनच्या वेळीच केसपेपरच्या कोपऱ्यात पेन्सिलीने लिहायचं, गाव कोणतं, शेवटची गाडी कितीची. डॉक्टरांच्या हातापाया पडून ठरवलं की सकाळी आठला आधी घरी जाणाऱ्यांच्या सह्या, मग बाकीचा राऊंड, गोळ्या आदल्या संध्याकाळीच आणून ठेवायच्या. अकराची गाडी मिळाली की दुपारी दोनपर्यंत चादर बदललेली, खाट पुसलेली. एका नवीन डॉक्टरांनी विचारलेलं, सिस्टर ही कोणती टेस्ट, ‘दोडामार्ग ३.४५’?

अध्यक्ष घड्याळ दाखवतायत. सुरुवात अर्धा तास उशिरा तुम्हीच केलीत, पाहुणे यायचे होते म्हणून, पण ठीक आहे, भरभर सांगते.

हिशेब असा. रोज येणारे पेशंट गुणिले सरासरी मुक्काम, बरोबर भरलेल्या खाटा. जॉन लिटल म्हणून अमेरिकन प्राध्यापक, त्यांनी १९६१ साली हे गणिताने सिद्ध केलं. रोज ६ आले, ४ दिवस राहिले, २४ खाटा. प्रत्येकाचा एक दिवस गाडी चुकल्यामुळे वाढला तर ६ पंचे ३०. एकही जास्तीचा माणूस आजारी पडला नाही आणि दवाखाना फुल्ल.

दुसरं, २४ ही सरासरी झाली. पेशंट काही ठरवून येत नाहीत, २४ च्या सरासरीला पाच इकडे पाच तिकडे हे रोजचंच, म्हणून ३० वरही काही रात्री गादी खाली घालावीच लागते. १९९९ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये संगणकावर करून दाखवलेलं की ८५ टक्क्यांच्या वर भरलं की ओढाताण सुरू, ९० च्या वर नेहमीचंच संकट. म्हणजे रिकामी खाट दिसली की ओरडायचं नाही, ती उद्याच्या विंचवाची खाट आहे.

तिसरं, त्याच ३० खाटांचे पुरुष, बायका, बाळंतीण असे दहा-दहाचे तीन वॉर्ड पाडले की अडचण वाढते, एकीकडे खाली गाद्या, दुसरीकडे पंखा रिकाम्या खाटांवर फिरतोय. बाळंतिणींच्यात साप चावलेला बाप्या ठेवता येत नाही, कबूल. पण पाच-सहा खाटा मधल्या खोलीत, पडदा लावून, मोसमाप्रमाणे कोणालाही, हे जमतं. पावसात लेप्टोला, जानेवारी ते मे काजूच्या दिवसांत गोचिडीमुळे होणाऱ्या माकडतापाला, चतुर्थीला तर वॉर्ड अर्धा ओसच, सगळे ‘गणपती झाल्यावर येतो’ सांगून डामा, म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध डिस्चार्ज, घेऊन पळतात आणि पाचव्या दिवशी दुप्पट होऊन परत येतात, त्यांना.

नवीन खाटा मागायच्या तर जरूर मागा, २०१७ च्या राष्ट्रीय धोरणात हजार लोकांमागे २ खाटा लिहिल्यायत. फक्त खाटेबरोबर सिस्टरही मागा, नाहीतर ते नुसतं बाकडं. मोसमांचा तक्ता वहीत करून आणलाय, आता वाचत नाही, वही टेबलावर ठेवते, ज्यांना हवा त्यांनी फोटो काढा. घ्या, माइक घ्या.