मुक्कामानं या

श्रोतेहो, नमस्कार.

दिवाळीच्या सुट्या तोंडावर आल्या आहेत. नागपूर-अमरावतीकडची मंडळी आपापल्या गावी निघतील, लेकी माहेरी येतील, पोरं मामाच्या घरची वाट धरतील. तुम्हा सगळ्यांना माझं एकच सांगणं आहे. ज्याच्या घरी जाल, तिथं निदान एक रात्र राहा.

अलीकडे पाहुणा अकराला येतो, जेवतो, आणि चारचा चहा घेऊन उठतो. रस्ते सुधारले, गाड्या दारात आल्या, याचा मला आनंदच आहे. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला आणि जून २०२५ मध्ये थेट मुंबईपर्यंतचा ७०१ किलोमीटरचा रस्ता खुला झाला. सकाळी नागपुरातून निघालेला भाऊ दुपारच्या जेवणाला मेहकरच्या बहिणीकडे पोचतो. पण लवकर पोचता येतं म्हणून तो लवकर परतही निघतो, आणि बहिणीच्या वाट्याला भाऊ येतो तो पंगतीपुरता.

मूर्तिजापूरहून एक फाटा कारंजा-दारव्ह्यावरून यवतमाळला आणि दुसरा दर्यापूर-अंजनगाववरून अचलपूरला नेणारी शकुंतला आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. अरुंद रुळांवरची ती गाडी १९९४ पर्यंत कोळशाच्या इंजिनावर चालली. आता ती बंद आहे. दशम्या, ठेचा आणि पाण्याचा तांब्या घेऊन लोक त्या गाडीत बसायचे. इतक्या सायासानं आलेला माणूस त्याच दिवशी उलट फिरेल, हे कोणाच्या मनातही येत नसे.

मुक्कामात असं काय असतं? गावच्या घरात दिवस हा कामाचा असतो. दिवाळीच्या सुमारास तर फारच. सोयाबीन निघालेलं असतं, कपाशीची वेचणी सुरू असते, हरभऱ्याची पेरणी खोळंबलेली असते. पाहुणे आले की घरच्या बाईचा उरलासुरला वेळही स्वयंपाकात जातो. आमची आत्या म्हणायची, "दिवसभर तं म्या चुलीपाशीच असतो रे बाबू, तुह्याशी बोलाले मले रातच भेटते." आणि खरंच, भांडी आवरून, हात पुसत ती अंगणातल्या बाजेवर येऊन बसली की मग खऱ्या गोष्टी निघायच्या. कापसाला काय भाव मिळाला, सोसायटीचं कर्ज किती राहिलं, धाकटीच्या सोयरिकीचं कुठवर आलं, भावाभावांत धुऱ्यावरून काय बिनसलं. दुपारी विचारलं असतं तर "सगळं बरं आहे" एवढंच उत्तर आलं असतं. नात्यातल्या माणसाची अडचण आपल्याला उशिरा कळते, कधीकधी फारच उशिरा कळते, आणि त्याचं मोठं कारण मला हे वाटतं की आपण रात्री तिथं नसतो.

पोरांसाठी तर मुक्काम हवाच. रब्बीच्या दिवसांत गावात थ्री फेजची लाईन पुष्कळदा रात्रीची असते. मामा जेवून जरासा लवंडतो आणि लाईन आली की टॉर्च घेऊन ओलिताला निघतो. थंडीत, अंधारात, चिखलात उभं राहून तो दांड फोडतो, एका वाफ्यातलं पाणी दुसऱ्या वाफ्यात वळवतो. साप-विंचवाची भीती असते, रानडुकरांची असते. चार वाजता परत निघालेल्या भाच्याला यातलं काहीच दिसत नाही. त्याला वाटतं, मामाकडे मोठं वावर आहे आणि मामा मजेत आहे. एका पहाटे मामाला चिखलानं भरलेल्या पायांनी घरात येताना त्यानं पाहिलं, तर ताटातल्या गव्हाच्या पोळीविषयी त्याला वेगळं सांगावं लागणार नाही. सकाळी त्याला वेचणीलाही न्या. वाळलेल्या बोंडाची टोकं बोटांना कशी टोचतात, ते कळू द्या.

रोडग्यांचंही तेच. गोवऱ्यांचा जगरा पेटवायचा, तो फुलू द्यायचा, मग रोडगे भाजायचे, सोबत वरण आणि वांग्याची भाजी. घाईत असलेल्या माणसासाठी हे होत नाही.

आपल्या विदर्भाला नात्याखातर चालण्याची सवय जुनी आहे. अमरावती जिल्ह्यातलं कौंडण्यपूर हे रुक्मिणीचं माहेर मानलं जातं. दर आषाढीला तिथून रुक्मिणीमातेची पालखी पायी पंढरपूरला जाते. वर्धा नदीच्या काठापासून भीमेच्या काठापर्यंत महिनाभराहून अधिक काळ ही वाट चालते, आणि गावोगावी तिचे मुक्काम होतात. माहेरची माणसं लेकीच्या घरी अशी जातात.

आता माहेरी येणाऱ्या बायांविषयी. १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट लागतं. त्याआधी, ऑगस्ट २०२२ पासून, ७५ वर्षांवरच्या ज्येष्ठांना प्रवास मोफत झाला. पैशासाठी कोणापुढे हात पसरायचा, या विचारानं वर्षानुवर्षं माहेरी न गेलेल्या म्हाताऱ्या बहिणी आता एकट्या पिशवी घेऊन भावाच्या दारात उतरताना मी पाहतो. भावजयांनो, तिला दोन दिवस ठेवून घ्या.

मुक्कामाचा भार घरच्या बाईवर पडतो, हे मी विसरलेलो नाही. म्हणून आधी फोन करा. वेचणीचा किंवा मळणीचा दिवस असेल तर दुसरा दिवस धरा. किराण्यातलं चहा-साखर, तेल, डाळ सोबत न्या. त्यात कमीपणा काही नाही. जेवल्यावर आपलं ताट आपण घासा, पुरुषांनी तर आवर्जून. उन्हाळ्यात जाणार असाल, तर गावात पाणी किती आहे ते विचारल्याशिवाय मोठा गोतावळा घेऊन जाऊ नका. पारा पंचेचाळीसच्या वर गेलेला असताना एकेक गुंड पाणी दुरून आणणाऱ्या घरात दहा पाहुण्यांची आंघोळ फार महाग पडते.

आणखी एक गोष्ट काळजीपोटी सांगतो. लग्न, तेरवी, साक्षगंध आटोपून रात्रीच गाडी काढायची पद्धत पडली आहे, सकाळी ड्युटी आहे म्हणून. दिवसभर उभा असलेला, पोटभर जेवलेला माणूस मध्यरात्री चाकामागे बसतो. समृद्धीवर वळण कमी, गाव नाही, दिवा नाही. सरळ रस्त्यावर डोळा लागायला वेळ लागत नाही. यजमान "राहा" म्हणत असतील तर राहा. पहाटे चहा घेऊन निघालात तरी ड्युटी गाठता येते. एक रजा गेली तर जाऊ द्या.

स्वतःची गाडी नसेल तर एसटीच्या डेपोत मुक्कामी गाडीची चौकशी करा. संध्याकाळी गावात जाऊन रात्री तिथंच थांबणारी आणि सकाळी परतणारी गाडी अजून बऱ्याच मार्गांवर आहे. सुट्यांत वेळा बदलतात, म्हणून आदल्या दिवशी विचारून घ्या. आणि दिवाळीनंतर रात्री गार पडतं, पाहुण्यांपुरत्या गोधड्या प्रत्येक घरी असतीलच असं नाही. पोरांसाठी एखादी सोबत ठेवा.

नमस्कार.