गड्ड्याच्या दिवसांत लेकरू तापलं की

नमस्कार मंडळी. सण आला की नेमकं लेकरू आजारी पडतं, असं दरवर्षी कुणीतरी आई मला सांगते, आणि मी म्हणते अगं त्यात तुझं काही चुकलेलं नाही. दिवाळीपासून गड्ड्यापर्यंत, म्हणजे संक्रांतीच्या सिद्धेश्वर यात्रेपर्यंत, आपल्या सोलापुरात घरं भरलेली, पुण्याचे काका, हैदराबादची मावशी, सगळी पोरं एका खोलीत आडवी, एकाला सर्दी झाली की चौघांना होणारच की ओ. वर फटाक्यांचा धूर, यात्रेच्या होम मैदानावरची धूळ. आणि नळाला रोज पाणी नाही म्हणून पिंपं भरलेली, झाकण नीट नसलं तर डेंग्यूचा डास त्यातच अंडी घालतो, म्हणून घरी गेल्यावर आधी पिंपाची झाकणं बघा.

आता माझा खरा मुद्दा, जो मी इतकी वर्षं लेकरांच्या वॉर्डात नर्स म्हणून काढल्यावर जिथे बोलावतील तिथे सांगते. पाहुण्यांच्या घरात आजारी लेकराचं औषध एकाच माणसाच्या हातात पाहिजे.

का सांगते ऐका. भाऊबीजेला माहेरी गेले, भाचीला ताप. वहिनीनं दुपारी तापाचं औषध दिलेलं, मग ती पुरणात अडकली. पोरगी कण्हतेय बघून दुसऱ्या आत्यानं तिच्या पर्समधलं दिलं. तेवढ्यात आजी सर्दीचं सिरप घेऊन आली, मी बाटली हातात घेऊन वाचली तर त्यातही तेच तापाचं पॅरासिटामॉल! तिघींचा जीव त्या पोरीत अडकलेला, कुणाला बोलणार? पण जास्त पॅरासिटामॉलनं लिव्हरला इजा होते, आणि बाटल्याही सारख्या नसतात, एकीत पाच मिलीला 120 मिलिग्रॅम, दुसरीत 250, चमचा मात्र तोच. डोस वजनावर ठरतो, वयावर अंदाजानं नाही, आणि दोन डोसांत चार ते सहा तास गेलेच पाहिजेत. म्हणून एक वही करा, पहिल्या पानावर लेकराचं वजन, खाली तारीख, वेळ, ताप किती, काय दिलं, कुणी दिलं. वही फ्रीजवर ठेवा आणि वहीत लिहिल्याशिवाय आजोबांनीसुद्धा काही द्यायचं नाही.

कफ सिरपचंही सांगते, कारण दुकानदाराला विचारून आणायची आपल्याला सवय आहे. 2025 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात मध्य प्रदेशात छिंदवाड्याला भेसळीच्या सिरपनं लहान लहान लेकरं गेली, मला त्या बातम्या वाचवेनात. त्यानंतर केंद्राच्या आरोग्य खात्यानं कळवलं, दोन वर्षांखाली खोकला-सर्दीची औषधं देऊच नका, पाचखालीही सहसा नको. वर्षाच्या पुढच्या लेकराला मध चालतो, त्याच्या आत मधही नाही.

चिठ्ठी आली, पाचच मिनिटं उरलीत. धोका कसा ओळखायचा हेच तर आज सांगणार होते, तर पटापट ऐका. लेकरू शांत असताना घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजा, दोन महिन्यांच्या आत 60, वर्षापर्यंत 50, पाच वर्षांपर्यंत 40, तेवढे किंवा जास्त भरले, किंवा श्वास घेताना बरगड्यांखालची जागा आत ओढली जात असली तर सकाळची वाट बघू नका. तीन महिन्यांच्या आतलं बाळ तापलं तर लगेच डॉक्टर, पाडवा असो नाहीतर यात्रेतला अक्षता सोहळा. झटका आला, उठवूनही उठेना, काहीच पिईना, सहा-आठ तास लघवी नाही, तरी तेच, दवाखाने बंद असले तर सिव्हिल हॉस्पिटल गाठा नाहीतर 108 लावा.

जुलाबाला ओआरएस. 1971 मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत सलाईन संपल्यावर डॉ. दिलीप महालनाबीस यांनी मीठ-ग्लुकोजच्या पाण्यावर हजारो माणसं जगवली, तेच हे. मोठं पाकीट एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात पूर्ण रिकामं करायचं, निम्मं निम्मं नाही, चोवीस तासांनी उरलेलं ओतून द्यायचं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून परत चमचा चमचा. अंगावरचं दूध चालूच ठेवा. डॉक्टरांनी लिहिलेली झिंकची गोळी जुलाब थांबले तरी चौदा दिवस पुरी करा, ती वहीत लिहा. आता प्रश्न विचारा, मागच्या ताईंचा हात कधीचा वर आहे.