१७७६ साली आपण कुठे होतो?

(मंडळाच्या महाराष्ट्र दिन मेळाव्यातील भाषण, संकेतस्थळासाठी संपादित)

मंडळी, नमस्कार. महाराष्ट्र दिनाच्या तुम्हा सगळ्यांना शुभेच्छा.

आत्ता मुलांनी राज्यगीत म्हटलं तेव्हा मागच्या रांगांमधले काही जण डोळे पुसत होते. माझीही तीच गत होती. तरी आज मी १ मेबद्दल थोडं आणि येत्या ४ जुलैबद्दल जास्त बोलणार आहे. त्या दिवशी या देशाला, अमेरिकेला, अडीचशे वर्षं पूर्ण होतात, आणि गेले काही आठवडे माझ्या डोक्यात दुसरा विषयच नाही.

३० ऑगस्ट १७७३. शनिवारवाडा. नारायणराव पेशव्यांचा खून. पुढचं मी सांगायला नको. त्याच वर्षी १६ डिसेंबरच्या रात्री बोस्टनच्या बंदरात लोकांनी चहाच्या ३४२ पेट्या पाण्यात फेकल्या. तो चहा ईस्ट इंडिया कंपनीचा होता. नारायणरावांचे काका राघोबादादा गादीसाठी पुढे ज्यांच्या दारात गेले, तीच ही कंपनी. १ मार्च १७७६ रोजी पुरंदरचा तह झाला, तेव्हा बारभाईंच्या, म्हणजे राघोबांविरुद्ध एकवटलेल्या पुण्याच्या कारभाऱ्यांच्या, समोर कंपनीचे कर्नल अप्टन बसले होते. त्यानंतर चार महिन्यांनी इथे, आपल्या फिलाडेल्फियात, स्वातंत्र्याचा जाहीरनामा मंजूर झाला. १७७९च्या जानेवारीत वडगावला इंग्रज फौज आपल्यापुढे नमली, १७८१च्या ऑक्टोबरात यॉर्कटाउनला इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिसची फौज वॉशिंग्टनपुढे नमली. आणि हाच कॉर्नवॉलिस १७८६ साली गव्हर्नर जनरल होऊन हिंदुस्थानात आला. टिपूविरुद्धच्या १७९०-९२च्या युद्धात हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन त्याच्या बाजूने उभे होते.

एवढा इतिहास मी पुन्हा वाचून काढला, कारण माझ्या नातवाने शाळेत कोरं पान दिलं.

तो चौथीत आहे. अडीचशे वर्षांच्या निमित्ताने वर्गात सांगितलं होतं की, १७७६ साली तुमचं कुटुंब कुठे होतं ते लिहून आणा, चित्र काढा. त्याने वर नाव घातलं, तारीख घातली आणि पान तसंच दिलं. मला म्हणाला, “आजी, आपण तेव्हा इथे नव्हतोच ना. ही आपली गोष्ट नाही. मग मी काय लिहिणार होतो?”

रात्री जेवताना विषय निघाला. माझे व्याही साताऱ्याहून आलेले आहेत. ते म्हणाले, “बरोबर बोलला पोरगा. आपला इतिहास रायगडावर. यांची सगळी मिळून अडीचशे वर्षं, आमच्या आळीतला वाडा त्याहून जुना आहे.” माझी मुलगी एरवी सासऱ्यांपुढे आवाज चढवत नाही. त्या दिवशी म्हणाली, “बाबा, त्याचा जन्म इथला आहे. ही गोष्ट तुझी नाही असं आपणच त्याला सांगितलं, तर त्याने कुठली गोष्ट घ्यायची?” व्याही पानावरून उठले. जावईबापू गप्प. मुलगा आळीपाळीने सगळ्यांच्या तोंडाकडे बघत होता.

मंडळी, हा वाद फक्त आमच्या घरचा नाही. “अमेरिकेला इतिहास तो कितीसा” हे वाक्य मी या सभागृहात, गणपतीच्या मांडवात, पॉटलकच्या रांगेत किती वेळा ऐकलं असेल! आपण ते मोठ्या अभिमानाने म्हणतो. आणि मग आपली मुलं कोरी पानं देतात.

आता आपल्याच माणसांनी या इतिहासाकडे कसं पाहिलं ते बघा. थॉमस पेन यांनी १७७६च्या जानेवारीत फिलाडेल्फियात एक लहानसं पुस्तक छापून या वसाहतींना पेटवलं. त्याच पेन यांचे मानवी हक्कांवरचे विचार तरुण जोतीराव फुल्यांनी पुण्यात वाचले. १८७३ साली, बोस्टनच्या चहाला शंभर वर्षं होत असताना, जोतीरावांनी ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली आणि ती अर्पण केली अमेरिकेतल्या लोकांना. काळ्या गुलामांच्या मुक्तीसाठी त्यांनी जो त्याग केला, त्याबद्दलचा आदर म्हणून, आणि इथल्या भारतीय देशबांधवांनी त्यांचा कित्ता गिरवून आपल्या शूद्र बांधवांना सोडवावं या इच्छेने. जोतीराव कधी अमेरिकेत आले नाहीत. ना व्हिसा, ना पासपोर्ट, ना इथे कुणी नातेवाईक. तरी इथे गुलामगिरीविरुद्ध लढलं गेलेलं युद्ध त्यांना आपलं वाटलं, कारण तोच लढा त्यांच्यासमोर पुण्यात उभा होता.

आनंदीबाई जोशी तर इथेच शिकल्या. फिलाडेल्फियातल्या वुमन्स मेडिकल कॉलेजातून ११ मार्च १८८६ रोजी डॉक्टर झाल्या. त्या सोहळ्याला पंडिता रमाबाई हजर होत्या. पुढे रमाबाई हा देश फिरल्या आणि १८८९ साली इथल्या लोकस्थितीवर मराठीत सबंध पुस्तक लिहिलं. आनंदीबाई परत गेल्या आणि वर्षभराच्या आत, वयाच्या २१व्या वर्षी, पुण्यात वारल्या. त्यांच्या अस्थी इथे आल्या. न्यूयॉर्क राज्यात पकीप्सीला, त्यांना लेकीसारखं सांभाळणाऱ्या कार्पेंटरबाईंच्या कुटुंबाच्या जागेत त्यांचा दगड आहे. इथून तीनेक तासांचा रस्ता. आपण प्रत्येक पाहुण्याला नायगारा दाखवतो, आउटलेट मॉल दाखवतो. पकीप्सीला किती जण जाऊन आलात? हात वर करा. (सभागृहात मोजकेच हात वर आले. – संपादक) बघा.

बाबासाहेब १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात आले, ते तुम्हाला माहीत आहे. पण १९४६ साली त्यांनी इथले काळे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहून, काळ्या अमेरिकनांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागवली, हे आपण मुलांना सांगत नाही. इथले निग्रो आणि तिथले अस्पृश्य यांच्या स्थितीत फार साम्य आहे, असं त्यांनी त्यात लिहिलं होतं. या देशाची वचनं आणि या देशाने मोडलेली वचनं, दोन्हींचा त्यांनी अभ्यास केला.

मोडलेल्या वचनांबद्दलही मला बोलायचं आहे, कारण व्याह्यांना उत्तर द्यायच्या भरात मला नातवाला आतषबाजीचा इतिहास द्यायचा नाही. “सर्व माणसं समान निर्माण झाली आहेत” हे जाहीरनाम्यातलं वाक्य जेफरसन यांनी मार्केट स्ट्रीट आणि सातव्या रस्त्याच्या कोपऱ्यावरच्या भाड्याच्या खोल्यांमध्ये लिहिलं. तेव्हा त्यांची सेवा करायला रॉबर्ट हेमिंग्ज नावाचा चौदा वर्षांचा गुलाम मुलगा होता. तिथून चालत जाण्याच्या अंतरावर वॉशिंग्टन राष्ट्राध्यक्ष असताना राहत होते. त्यांच्या घरात नऊ गुलाम होते. त्यातली ओना जज ही तरुण मुलगी १७९६ साली, घरातली मंडळी जेवायला बसलेली असताना बाहेर पडली आणि जहाजाने न्यू हॅम्पशायरला गेली. वॉशिंग्टन यांनी तिला परत आणायचा खूप प्रयत्न केला. ती गेली नाही. १८४८ साली ती वारली, तेव्हाही कायद्याच्या दृष्टीने ती गुलामच होती.

फ्रेडरिक डग्लस यांनी ५ जुलै १८५२ रोजी रॉचेस्टरला भाषण केलं. स्वतः गुलामीतून पळून आलेला माणूस. त्यांनी लोकांना तोंडावर विचारलं, तुमचा हा ४ जुलै गुलामाला काय होय? आणि त्याच भाषणात त्यांनी इथल्या राज्यघटनेला स्वातंत्र्याचा उज्ज्वल दस्तऐवज म्हटलं. मला वाटतं, या देशावर प्रेम कसं करावं हे डग्लस यांच्याकडून शिकावं. त्यांनी देशाला सोडलं नाही आणि माफही केलं नाही.

आता आपल्याकडे येऊ. १७९० सालच्या कायद्याने नागरिकत्व फक्त “स्वतंत्र गोऱ्या” माणसांना मिळत होतं. पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्यात असलेले, भारतातून आलेले भगतसिंग थिंद नागरिकत्वासाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९२३ साली हरले. त्यांचे वकील होते सखाराम गणेश पंडित. जन्म अहमदाबादचा, वकिली लॉस एंजेलिसला. निकालानंतर सरकारने पंडितांचं स्वतःचं नागरिकत्व काढून घ्यायला खटला भरला. ते लढले, माझं घर, माझा व्यवसाय, माझ्या बायकोचं नागरिकत्व हे सगळं तुमच्याच शब्दावर उभं आहे म्हणाले, आणि १९२६ साली अपिलातही जिंकले. पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने सरकारची बाजू ऐकायलाही नकार दिला. हे नाव तुमच्यापैकी कितीजणांनी ऐकलं होतं? आपल्या मराठी शाळेच्या एकाही यत्तेत ते नाही.

१९४६ साली भारतीयांना नागरिकत्वाचा मार्ग मोकळा झाला, पण येणार किती, तर वर्षाला १००. मग १९६५. त्या वर्षी मार्चमध्ये सेल्मा गावात काळ्या लोकांनी मतदानाच्या हक्कासाठी डोकी फोडून घेतली. ऑगस्टमध्ये मतदान हक्काचा कायदा झाला. आणि ३ ऑक्टोबरला, स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्यापाशी, राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी नव्या स्थलांतर कायद्यावर सही केली. आपण सगळे त्या सहीनंतर आलो. खिशात आठ डॉलर, पेटीत कुकर आणि गोडा मसाला, दर पंधरवड्याला एक एरोग्राम. १९७६ साली, या देशाच्या दोनशे वर्षांच्या सोहळ्यात, इथे असलेली काही मंडळी आज समोर बसली आहेत. न्यूयॉर्कच्या बंदरात शिडांची जहाजं पाहिल्याचं ते अजून सांगतात. त्यांनी कष्ट केले, यात शंका नाही. पण दार त्यांच्या कष्टांनी उघडलं नव्हतं. ते सेल्माच्या पुलावर मार खाणाऱ्यांच्या चळवळीने उघडलं.

म्हणून मला राग येतो, आणि तो आज बोलून दाखवते. आपल्या काही घरांमध्ये काळ्या शेजाऱ्यांबद्दल जे बोललं जातं, मुलांना कुठल्या वस्तीत जाऊ नको म्हणून जे सांगितलं जातं, ते जोतीरावांचा फोटो लावणाऱ्या मंडळाला शोभत नाही. ढोलताशा पथकाला आपल्याकडे साठ जण येतात आणि गावच्या शाळा समितीच्या निवडणुकीला मत द्यायला त्यातले फार थोडे जातात. तेही शोभत नाही. मी रागावते ती घरच्या माणसांवर रागावते तशी, हे तुम्हाला कळतं.

मी पुन्हा नातवाकडे येते. मी त्याला सांगितलं की, १७७६ साली तुझ्या आईच्या माहेरची माणसं वाईजवळ शेती करत होती, पुण्यात बारभाई होते, आणि ज्या कंपनीशी बोस्टनचे लोक भांडले तिच्याशीच आपलीही माणसं भांडत होती. त्याने ऐकलं. मग विचारलं, “म्हणजे ते जिंकले आणि आपण हरलो?” पेशवाई बुडाली त्या १८१८चं काय सांगायचं, या विचारात मी असताना व्याही म्हणाले, “नाही रे, आपल्याला १९४७ पर्यंत वेळ लागला.” त्या क्षणी मला त्यांचा फार आदर वाटला. आता दोघं मिळून ते पान भरत आहेत. काय लिहिलंय ते मला अजून दाखवलेलं नाही.

शेवटी एक गोष्ट, जिचं उत्तर माझ्याकडे नाही.

४ जुलैला सकाळी आपण गावच्या ग्रंथालयासमोर जाहीरनाम्याचं वाचन करणार आहोत, इंग्रजीतून आणि मराठीतून. मराठी वाचनासाठी मी आपल्या पथकातल्या एका मुलाचं नाव सुचवलं. तो तीन वर्षांचा असताना पुण्याहून आला. बालविभागात आपल्या सगळ्यांच्या हाताखाली वाढला, इतिहासात त्याला फार रस. त्याच्या वडिलांचा ग्रीन कार्डाचा अर्ज कित्येक वर्षं रांगेत आहे. कुठल्याही एका देशाच्या लोकांना ७ टक्क्यांपेक्षा जास्त ग्रीन कार्डं द्यायची नाहीत असा नियम आहे, त्यामुळे आपल्याकडची रांग सरकत नाही. सप्टेंबरमध्ये मुलाला २१ वर्षं पूर्ण होतात. मग तो आईवडिलांच्या व्हिसावर राहू शकत नाही. त्याला विद्यार्थी व्हिसा काढावा लागेल, आणि शिक्षण संपल्यावर वडिलांनी केली तीच खटपट पहिल्यापासून.

“वाचतो की काकू,” तो लगेच म्हणाला. त्याची आई मात्र मला बाजूला घेऊन म्हणाली, “ताई, त्या दिवशी तो ते मनापासून वाचेल. तुम्ही त्याला या देशाचा लळा लावताय, आम्हीही लावला. उद्या जावं लागलं तर?”

आपल्या मंडळात अशी आणखी कुटुंबं आहेत. तुम्ही बोलत नाही, पण आम्हाला माहीत आहे. आमच्यातल्या नागरिक झालेल्यांनी त्यांच्यासाठी आपापल्या काँग्रेस प्रतिनिधींना किती पत्रं लिहिली, किती फोन केले? मी त्या आईला काही सांगू शकले नाही. कार्यक्रमानंतर मी चहाच्या टेबलापाशी थांबते आहे. तुमच्यापैकी कुणी या बाबतीत काही केलं असेल, किंवा करायची तयारी असेल, तर येऊन भेटा.